पन्हाळ्याच्या वेढ्यातला इंग्रज वकील

२८ एप्रिल १७०१. पन्हाळ्याला मोगलांचा वेढा पडून दीड महिना उलटला होता. सुमारे १४ मैलांच्या फेरात मोर्चे बसले होते आणि पन्हाळ्यासोबत शेजारचा पावनगडही त्यात अडकला होता. उन्हाने रापलेले बेलदार सुरुंगासाठी जांभा खणत होते. वरून मराठ्यांच्या तोफा त्यांना रोज थोडे मागे रेटत होत्या. त्या दिवशी छावणीतल्या लोकांनी एक मिरवणूक पाहिली. सर्वांत पुढे घोड्यावर बसलेला एक गोरा तोफखाना-अधिकारी होता. त्याच्यामागे बारा गाड्यांवर बारा पितळी तोफा आणि बनातीच्या कापडाने भरलेले पाच छकडे होते. मग काचसामान आणि आरसे वाहणारे शंभर भोई, चार अरबी घोडे, इंग्लंडची निशाणे आणि वाजंत्री. या सगळ्यांमागून पालखीतून येत होते इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचे वकील सर विल्यम नॉरिस. ते लिव्हरपूलचे पार्लमेंटचे सभासद होते. तोफा, बनात, आरसे, घोडे हा सगळा नजराणा ८२ वर्षांच्या औरंगजेब बादशहासाठी होता.

इंग्लंडच्या राजाचा वकील दिल्ली-आग्र्याला न जाता पन्हाळ्याच्या पायथ्याशी आला, याचे कारण साधे होते. मोगल साम्राज्याची राजधानी तेव्हा तंबूंमध्ये होती. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला, तो उत्तरेकडे परत गेलाच नाही. विजापूर आणि गोवळकोंडा त्याने बुडवले, संभाजी महाराजांना ठार केले, रायगड घेतला, आणि तरीही मराठ्यांचे राज्य संपेना. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. त्यांच्या मागे ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला आणि लढाई चालू ठेवली. म्हणून म्हातारा बादशहा एकेक डोंगरी किल्ला घेत हिंडत होता आणि ज्याला बादशहाकडून काही हवे असेल त्याला त्याच्या मागोमाग सह्याद्रीत यावे लागत होते.

पन्हाळ्याचा इतिहास आपण बहुधा सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू एवढ्यावर आणून थांबवतो. ते अगदी स्वाभाविक आहे. पण मोगल बादशहा आणि युरोपीय व्यापारी यांच्यातला झगडा समजून घ्यायचा असेल, तर सुरतेइतकाच आणि मुंबईइतकाच हा गड महत्त्वाचा आहे असे मला ठामपणे वाटते. समुद्र कुणाचा, आणि ही वखारवाली माणसे नेमकी कोण, हे दोन प्रश्न इथे, समुद्रापासून घाट चढून आल्यावर, अगदी उघडपणे विचारले गेले. त्यांचे उत्तर बादशहाला सापडले नाही. ते शब्दांत मांडले ते याच गडाशी आयुष्य बांधलेल्या एका माणसाने.

इंग्रज पन्हाळ्यावर पहिल्यांदा आले ते नजराणा घेऊन नव्हे. १६६० च्या मार्चमध्ये आदिलशाहीच्या वतीने सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला आणि शिवाजी महाराज आत अडकले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने त्याआधी थोडेच दिवस महाराजांशी गोडीगुलाबीची पत्रे चालवली होती. पण जौहरला उखळी तोफ आणि फुटणारे गोळे हवे होते, आणि ते रेव्हिंग्टनकडे होते. माल विकायचा तर तो चालवून दाखवला पाहिजे, असा त्याचा हिशेब असावा. एप्रिलमध्ये तो आपली माणसे घेऊन स्वतः पन्हाळ्याला आला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर गोळे टाकू लागला.

पुढचे ठाऊकच आहे. १२ जुलैच्या रात्री भर पावसात महाराज गडावरून निसटले, घोडखिंडीत बाजीप्रभूंनी प्राण दिले आणि महाराज विशाळगडावर पोचले. पण गडावर पडलेले गोळे आणि ते निशाण महाराज विसरले नाहीत. १६६१ च्या मार्चमध्ये त्यांनी राजापूरवर झडप घातली, वखार लुटली, जमीन खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद करून नेले. शेवटचे कैदी १६६३ च्या फेब्रुवारीत सुटले. कैदेतून हे लोक सुरतेला आर्जवाची आणि रागाची पत्रे लिहीत राहिले. सुरतेच्या वरिष्ठांनी त्यांना उलट खडसावले की, तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना पकडले गेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रज निशाणाखाली गोळे फेकलेत म्हणून पकडले गेलात. वखारीचे नुकसान भरून मिळावे म्हणून इंग्रजांनी पुढे १३ वर्षे तगादा लावला. राज्याभिषेकाच्या वर्षी झालेल्या तहात भरपाईचे कलम आले, तोवर हे प्रकरण चालले.

या प्रकरणात वखारवाल्यांची खरी रीत दिसते. कापूस, मिरी, बनात यांच्यासोबत ते दारूगोळाही विकत होते, आणि कोणाच्या बाजूने तोफ डागायची हेही व्यापाराच्या हिशेबाने ठरवत होते. महाराजांनी त्याला दिलेले उत्तर तितकेच स्पष्ट होते. ज्या निशाणाखाली गोळा आला, त्या निशाणाची वखार जबाबदार.

मोगलांचा अनुभव वेगळा होता. तीन पिढ्या मोगल दरबाराने इंग्रजांना सुरतेत, पुढे बंगालमध्ये व्यापाराची मुभा दिली, कारण ते चांदी आणत आणि जकात भरत. दरबाराच्या नजरेत ते आर्मेनियन, अरब, गुजराती व्यापाऱ्यांसारखेच आणखी एक व्यापारी होते. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने पोर्तुगिजांकडून आंदण मिळालेली मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिली, तेव्हाही मोगलांना त्यात फारसे काही वाटले नाही. पण लंडनमध्ये कंपनीची सूत्रे हातात असलेल्या सर जोसाया चाइल्डच्या मनात आता केवळ व्यापार नव्हता. त्याला हिंदुस्थानात इंग्रजांची कायमची सत्ता हवी होती, आणि ती जमिनीवरचा महसूल आणि किल्ले यांच्याशिवाय होणार नाही हे तो उघड लिहीत होता.

१६८६ मध्ये कंपनीने मोगलांविरुद्ध युद्ध पुकारले. बंगालमध्ये हुगळीला चकमक झाली. जॉब चार्नॉकला तिथून हिजलीच्या दलदलीत हटावे लागले आणि तापाने त्याची माणसे मेली. चितगाव जिंकायला निघालेले आरमार बालासोर जाळून हात हलवत मद्रासला गेले. बंगालमधली मोहीम अशी फसली. खरा प्रसंग घडला तो आपल्या किनाऱ्यावर.

पश्चिमेकडे कंपनीचा कारभारी होता सर जॉन चाइल्ड. सुरत सोडून तो मुंबईला येऊन बसला आणि मोगल व्यापाऱ्यांची जहाजे धरू लागला. त्यातच त्याने सिद्दीच्या फौजेसाठी धान्य घेऊन जाणारी गलबते पकडली. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान हा मोगलांचा आरमारी सरदार. त्याने गलबते परत मागितली, चाइल्डने त्याला हिणवून परत पाठवले. १६८९ च्या फेब्रुवारीत एका रात्री याकूतखानाची फौज शिवडीला उतरली. माझगावचा किल्ला त्याच्या हाती सहज पडला, माहीमही गेले. इंग्रज मुख्य किल्ल्यात कोंडले गेले आणि पुढचे वर्ष-सव्वा वर्ष त्यांनी उपासमार, आजार आणि सिद्दीच्या तोफा यांच्यात काढले.

त्याच दिवसांत, १ फेब्रुवारी १६८९ ला, संगमेश्वरात संभाजी महाराज पकडले गेले. त्यांना पकडणारा मुकर्रबखान कोल्हापूरच्या मोर्च्यावरून निघाला होता. आंबा घाट उतरून, अवघड वाटांनी, थोड्याच निवडक स्वारांनिशी तो अचानक कोकणात उतरला. एकाच महिन्यात मोगलांचा एक हात मराठ्यांच्या छत्रपतींवर पडला आणि दुसरा मुंबई बेटावर. बादशहाला त्या वसंतात वाटले असेल की दक्षिणेतले दोन्ही काटे निघाले. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, वर्षअखेरपर्यंत रायगड पडला, पन्हाळाही काही काळ मोगलांकडे गेला. मराठ्यांना क्षमा नव्हती.

इंग्रजांना मात्र क्षमा मिळाली. डिसेंबर १६८९ मध्ये चाइल्डने जॉर्ज वेल्डन आणि अब्राहम नवारो या दोघांना बादशहाकडे पाठवले. नवारो हा ज्यू व्यापारी होता. कापडाने हात बांधलेल्या अवस्थेत या दोघांना बादशहासमोर लोटांगण घालावे लागले, असे त्या वेळी मुंबईत असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनने लिहून ठेवले आहे. त्यांना फर्मान मिळाले: दीड लाख रुपये दंड भरा, व्यापाऱ्यांचा पकडलेला माल परत करा, आणि जॉन चाइल्डला हिंदुस्थानातून घालवून द्या. चाइल्डला घालवायची वेळ आलीच नाही, फेब्रुवारी १६९० मध्ये तो मुंबईतच मेला. जूनमध्ये सिद्दीची फौज परत फिरली. जाताना तिने माझगावचा किल्ला जाळला. वेढ्यामागून साथ आली आणि मुंबई अर्धी ओस पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार्नॉक बंगालमध्ये सुतानुटीला परतला. कलकत्त्याची सुरुवात होते ती तिथून, म्हणजे बादशहाच्या क्षमेनंतर.

बादशहाने असे का केले? दया हे कारण नव्हे. सुरतेची जकात त्याला हवी होती, कारण दक्षिणेतल्या युद्धाने खजिना रिकामा होत चालला होता. त्याहून मोठे कारण म्हणजे मक्केला जाणारी हजची जहाजे. जमिनीवर मोगलांसमोर इंग्रज टिकू शकत नव्हते, हे मुंबईने आणि हुगळीने दाखवले. पण सुरतेहून मोखा-जेद्दाला जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर इंग्रजांची दहा-बारा जहाजे उभी राहिली तर त्यांना हटवायला मोगलांकडे आरमार नव्हते. सिद्दीचे आरमार किनाऱ्यावर प्रभावी होते. अरबी समुद्राच्या मधोमध त्याचा उपयोग नव्हता. औरंगजेबाने इंग्रजांना हरवले, पण त्यांच्यावाचून त्याचे चालतही नव्हते. माझ्या मते १६९० चे ते फर्मान ही त्याच्या कारकिर्दीतली एक महागडी चूक ठरली. दीड लाखांत त्याने मुंबईतून, सुरतेतून, बंगालमधून इंग्रजांना हुसकावण्याची संधी सोडली.

पाच वर्षांनी त्याचा प्रत्यय आला. सप्टेंबर १६९५ मध्ये हजहून परतणारे बादशहाचे स्वतःचे मोठे जहाज, गंज-इ-सवाई, सुरतेच्या जवळ येऊन हेन्री एव्हरी या इंग्रज समुद्री डाकूच्या हाती सापडले. जहाजावर ८० तोफा होत्या, तरी तोफ फुटल्याने आणि कप्तान इब्राहीमखानाच्या भ्याडपणाने ते पडले, असे त्या काळचा मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. त्याच्या हिशेबाने ५२ लाखांचे सोने-चांदी लुटले गेले. यात्रेकरूंचे हाल झाले, बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. त्याआधी सुरतेच्या अब्दुल गफूरचे फतेह मुहम्मद हे जहाजही एव्हरीने लुटले होते. जहाज सुरतेला लागले आणि शहरात इंग्रजांविरुद्ध एकच आग भडकली. सुरतेच्या सुभेदाराने वखारीचा प्रमुख सॅम्युएल अॅनस्ली याच्यासह सगळ्या इंग्रजांना बेड्या घालून कोंडले, ते १६९६ च्या मध्यापर्यंत.

त्या काळात खाफीखान कामानिमित्त मुंबईला गेला होता. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याला त्याने या डाक्यांबद्दल खडसावून विचारले. मुंबईचे उत्पन्न दोन-तीन लाखांच्या वर नाही, व्यापाराचा नफाही बेताचाच, उरलेले हजच्या जहाजांच्या लुटीतून येते, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्रज आपल्या राजाच्या नावाने रुपये पाडतात हेही त्याने टिपले. बादशहाच्या मुलखात दुसऱ्या राजाच्या नावाचे नाणे, याचा अर्थ त्याला नीट कळत होता. कंपनी मात्र म्हणत होती की डाकूंशी आमचा संबंध नाही. लंडनमध्ये एव्हरीच्या टोळीतल्या पाच जणांना फाशी झाली. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही. १६९८ मध्ये विल्यम किडने आणखी एक श्रीमंत जहाज धरले आणि प्रकरण पुन्हा पेटले. शेवटी सुरतेत इंग्रज, डच, फ्रेंच अशा सगळ्या टोपीकरांकडून समुद्राच्या वेगवेगळ्या भागांच्या रखवालीची हमी लिहून घेण्यात आली. हजच्या वाटेचे रक्षण डचांकडे, दक्षिणेकडचा समुद्र इंग्रजांकडे, इराणी आखात फ्रेंचांकडे. बादशहाने ज्यांच्यावर संशय घ्यायचा, त्यांनाच रखवालदार नेमले. दुसरा मार्ग त्याच्याकडे नव्हता.

याच वेळी इंग्लंडमध्ये जुन्या कंपनीशी स्पर्धा करायला नवी कंपनी उभी राहिली. सरकारला २० लाख पौंड कर्ज देऊन तिने १६९८ साली सनद मिळवली. बादशहाकडून व्यापाराच्या सवलती नव्या कंपनीला मिळाव्यात म्हणून राजाचा वकील या नात्याने सर विल्यम नॉरिसला पाठवण्यात आले. १६९९ च्या सप्टेंबरमध्ये तो मछलीपट्टणला उतरला, तिथे वर्षभर अडकला, मग समुद्रमार्गे सुरतेला गेला. जानेवारी १७०१ च्या अखेरीस साठेक गोरे आणि तीनशे शिपाई-प्यादे घेऊन सुरतेहून निघाला आणि भीमाकाठच्या ब्रह्मपुरीस पोचला. तिथे वजीर असदखानाची छावणी होती. वजिराला भेटायला जाताना आपले नगारे आणि तुताऱ्या वाजल्याच पाहिजेत, असा नॉरिसचा हट्ट होता. वजिराने ते नाकारले आणि नॉरिस न भेटताच पन्हाळ्याकडे निघाला. राजाच्या वकिलाचा मान त्याने सांभाळला, पण साम्राज्यातला सर्वांत उपयोगी माणूस दुखावला.

पन्हाळ्याला पोचल्यावर त्याला जे दिसले ते त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. एकदा मोर्चे पाहून परतणारा बादशहा त्याने पाहिला. उघड्या पालखीत बसलेला, पोशाख पांढरा, पागोटे पांढरे, दाढी पांढरी. दुतर्फा माणसांची गर्दी, पण बादशहाची नजर हातातल्या पुस्तकावर, तो कुणाकडेही बघत नव्हता. पन्हाळ्याच्या उतारावर पाहिलेला हा औरंगजेब मला दरबारी चित्रांतल्या कुठल्याही औरंगजेबापेक्षा खरा वाटतो. वीस वर्षे घराबाहेर असलेला, रोज मोर्चांवर स्वतः जाणारा, आणि ज्याचे सैन्य थकलेल्या पगारासाठी कुरकुरत होते असा एक अत्यंत हट्टी म्हातारा.

२८ एप्रिलची भेट थाटात झाली. बादशहाने नजराणा घेतला, आदराने बोलला. फर्माने देण्याचे आश्वासनही मिळाले. मग खरा प्रश्न आला. सुरतेतून नव्या कंपनीच्या सर निकोलस वेटने आधीच बादशहाला कळवून टाकले होते की सवलती दिल्या तर आम्ही समुद्रावरचे डाकू आवरू. वेटने हे कुणाला न विचारता लिहिले होते. आता दरबार म्हणू लागला, ठीक आहे, मग तशी हमी लिहून द्या. सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या लुटलेल्या मालाची भरपाईही द्या. नॉरिसला ते शक्य नव्हते. जगभरच्या समुद्रातल्या प्रत्येक इंग्रज चोराची जबाबदारी त्याने घेतली असती, तर कंपनी बुडाली असती. जुन्या कंपनीचे लोकही दरबारात पैसे चारून त्याचे काम बिघडवत होते.

वाटाघाटी चालू असतानाच गड पडला. किल्लेदार त्र्यंबक याने पैशांच्या बदल्यात २८ मे ला पन्हाळा आणि पावनगड मोगलांच्या हवाली केले. पावसाळा तोंडावर होता. सुरुंग आणि मोर्चे यांनी जे झाले नाही ते थैल्यांनी झाले. त्या काळातल्या बहुतेक किल्ल्यांची हीच कथा आहे. पन्हाळ्याला बादशहाने नवे नाव दिले आणि छावणी खटावकडे हलली. नॉरिसही मागोमाग गेला. पावसाळाभर तो फर्मानाची वाट पाहत राहिला. शेवटी बादशहाचा निरोप आला तो असा: इथे व्यापार करणे आपल्या फायद्याचे आहे की नाही हे इंग्रजांनी बघावे. वकील हमी देणार नसेल तर तो ज्या वाटेने आला ती इंग्लंडची वाट त्याला माहीत आहे.

नोव्हेंबर १७०१ मध्ये नॉरिस परवानगी न घेताच छावणी सोडून निघाला. बऱ्हाणपुराजवळ त्याला काही काळ अडवून ठेवण्यात आले, मग बादशहाचे इंग्लंडच्या राजाला लिहिलेले पत्र आणि एक तलवार घेऊन तो सुरतेला पोचला. मे १७०२ मध्ये जहाजात चढला आणि ऑक्टोबरमध्ये, सेंट हेलेना बेट जवळ आले असताना, आमांशाने मेला. लाखो रुपये खर्चून हाती काही आले नाही. त्याच सुमारास बादशहाने मुलखातल्या युरोपियनांना धरण्याचा हुकूम काढला आणि कर्नाटकात दाऊदखान पन्नीने मद्रासला काही महिने वेढा दिला. पैसे घेऊन तोही उठला.

नॉरिसचा अपयशी प्रवास इंग्रज इतिहासकारांनी बहुधा मानापमानाच्या गोष्टीसारखा सांगितला आहे. मला त्यात बादशहाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. पन्हाळ्यावर त्याने जो प्रश्न विचारला तो अचूक होता. तुम्ही समुद्रावर बलवान आहात, मग समुद्रावरच्या गुन्ह्यांना उत्तर द्या. पण तो विचारण्यामागे बळ नव्हते. हमी लिहून घेण्यापलीकडे त्याच्याकडे काही नव्हते, कारण त्याचे सगळे बळ या डोंगरांत अडकून पडले होते.

किती अडकले होते हे पुढच्याच पावसाळ्यात दिसले. डिसेंबर १७०१ पासून त्याने विशाळगड वेढला. सहा महिने गेले. अखेर परशुराम त्रिंबक प्रतिनिधींनी दोन लाख रुपये घेऊन जून १७०२ मध्ये गड सोडला. पाऊस कोसळू लागला होता. विशाळगडाहून पन्हाळ्याच्या परिसरात यायला, जेमतेम ३० मैलांना, मोगल फौजेला ३८ दिवस लागले. ओढे-नाले फुगले, हत्ती चिखलात रुतले, बैल मेले, तंबू वाहून गेले, धान्याचे भाव आकाशाला भिडले. १७ जुलैला उरलेसुरले लोक पन्हाळ्याजवळ पोचले. बेचाळीस वर्षांपूर्वी, याच जुलै महिन्यात, याच दोन गडांमधले अंतर शिवाजी महाराजांनी आणि सहाशे मावळ्यांनी एका रात्रीत आणि एका दिवसात पार केले होते. शाहूवाडीच्या पावसात ज्याने ती वाट तुडवली आहे त्याला हा फरक कळतो. मलकापूर-आंबा भागातला तो पाऊस, ती लाल माती, ते दाट धुके, हे सगळे ताराबाईंच्या बाजूने लढले. आणि नकळत, मुंबईतल्या इंग्रजांच्याही बाजूने. कारण इथे रुतलेला प्रत्येक हत्ती आणि इथे किल्लेदारांना दिलेली प्रत्येक थैली सुरतेच्या समुद्रावर उभी राहू शकली असती.

पन्हाळा मोगलांकडे फार काळ राहिला नाही. १७०५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी तो परत घेतला आणि ताराबाईंनी तिथे आपली राजधानी केली. बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. रामचंद्रपंत हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत तरुणपणी आले, राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा स्वराज्याचा सगळा भार त्यांनी वाहिला, आणि कोल्हापूरच्या गादीचे ते आधारस्तंभ होते. १७१५ च्या सुमारास राजाराम महाराजांचे पुत्र, कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यासाठी त्यांनी लिहिलेले आज्ञापत्र आपण राज्यकारभाराचा ग्रंथ म्हणून वाचतो. त्यात इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) या टोपीकरांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

अमात्यांचे म्हणणे थोडक्यात असे. हे लोक इतर सावकारांसारखे नाहीत. यांच्या प्रत्येकाच्या मागे एकेक राजा उभा आहे आणि त्या राजाच्या हुकमाने ते व्यापाराला येतात. या मुलखात शिरावे, आपली जागा वाढवावी, सत्ता चालवावी हा त्यांचा खरा हेतू. त्यांचा भरवसा आरमार आणि दारूगोळ्यावर. एकदा हाती आलेली जागा ते मेल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून व्यापार जरूर चालू द्यावा, पण त्यांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी किंवा किल्ल्याजवळ वखार घालू देऊ नये. बाजारपेठेच्या गावात, सखल आणि उघड्या जागी, चार माणसांत राहू द्यावे. पक्के, बळकट बांधकाम करू देऊ नये.

हे लिहिणाऱ्या माणसाने रेव्हिंग्टनच्या गोळ्यांची हकीकत तरुणपणी ऐकली असणार. १६८९ ची धूळधाण त्याने अंगावर घेतली होती. बादशहाला वर्षानुवर्षे झुंजवून त्याने पन्हाळा परत घेतला होता. मोगल दरबार इंग्रजांना दंड घेऊन माफ करता येतील असे व्यापारी समजत राहिला. अमात्यांना दिसले की वखारीच्या दाराआड एक राज्य उभे आहे. इतकी स्वच्छ नजर त्या काळात हिंदुस्थानातल्या कुठल्याही दरबारात मला दिसत नाही, आणि ती कोल्हापूरच्या दरबारातून आली याचा मला अभिमान आहे. रामचंद्रपंतांची समाधी पन्हाळ्यावरच आहे.

ती नजर कोल्हापूरलाही पुरेशी पडली नाही. दिल्लीत १७१७ मध्ये फर्रुखसियरने इंग्रजांना बंगालमध्ये जकातमाफीचे फर्मान दिले. इकडे कोल्हापूरच्या किनाऱ्यावरचे आरमार इंग्रज जहाजे धरत राहिले आणि १७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिले. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरचा कारभार पाहणाऱ्या राणी जिजाबाईसाहेबांनी पावणेचार लाखांहून अधिक रुपये कबूल करून तो सोडवला. तहात मालवणला कंपनीची वखार घालू देण्याचे कलम होते. अमात्यांनी जिथे वखार देऊ नका म्हटले, नेमक्या तशाच जागी, किल्ल्याच्या सावलीत आणि समुद्राच्या तोंडाशी. १८१२ च्या तहात मालवण कायमचे गेले.

पुढे इंग्रजांचा हात कोल्हापूरच्या कारभारापर्यंतही पोचला. १८४४ साली त्यांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभाराविरुद्ध गडकरी उठले. सामानगड आणि भुदरगडापासून सुरू झालेले बंड पन्हाळ्यापर्यंत आले. १ डिसेंबर १८४४ ला इंग्रज फौजेने तोफा लावून पन्हाळ्याच्या तटाला भगदाड पाडले आणि गड घेतला. नंतर पूर्वेकडचा चार दरवाजा पाडण्यात आला, पन्हाळा, पावनगड, विशाळगड, सामानगड, भुदरगड यांची तटबंदी मोडण्यात आली आणि कोल्हापूरच्या गडांवरची गडकऱ्यांची पिढीजात चाकरी संपली.